हरिपूरचीं पेवें

सांगलीपासून हरिपूर कोस-सवा कोसावर आहे. एवढ्याशा वाटेला वाहन करणें माझ्या पायांस अपमानास्पद वाटत असल्यामुळें फाल्गुनांतल्या एका सकाळीं मी पायींच निघालों. रस्त्याच्या कडेला चिंचेचीं जुनीं झाडें लागतात. त्यांच्या सावलींतून कृष्णेचें पात्र मधून मधून दिसतें. पुढें हरिपुरापाशीं वारणा येऊन कृष्णेस मिळते, आणि त्या संगमावर संगमेश्वराचें देऊळ आहे. घाटाच्या पायऱ्यांवर बसलें असतां दोन नद्यांचें पाणी कांहीं अंतरापर्यंत एकमेकांस ओळखीत नसल्यासारखें वाहतें, असें मला तरी वाटलें. 'शारदा' नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म १८५५ सालीं याच गांवीं झाला. नाट्यप्रेमी वाचकांस हरिपूर ठाऊक असेल तें त्यांच्यामुळें. व्यापारी लोकांस ठाऊक आहे तें जमिनीखालच्या हळदीमुळें. मी गेलों होतों तो या दुसऱ्या कारणानें.

माझा एक जुना विद्यार्थी सांगलीस हळदीची अडत करितो. त्याच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ मला गांवांत भेटले. त्यांचा सारा जन्म पेवें भरण्यांत व उपसण्यांत गेला आहे. ते मला एका मोकळ्या आवारांत घेऊन गेले. वरून पाहणारास तेथें कांहींच दिसूं नये. जागोजाग मातीचे हलके उंचवटे, इतकेंच. त्यांतला एक उंचवटा त्यांनीं कालच उकरवून ठेविला होता. आंत डोकावलों तों तोंड एका माणसापुरतें अरुंद, आणि खालीं पोट मात्र रांजणासारखें फुगत गेलेलें. खोली तीन पुरुष तरी असावी. भिंतींना शेणामातीचें लिंपण, तळाशीं व कडेनें वाळलेल्या पाल्याचा थर, आणि मधोमध हळकुंडांची रास. भरल्यावर तोंडावर फरशी ठेवून वर माती लोटतात, व मग तें पेव कित्येक वर्षें तसेंच राहूं शकतें. येथील माती अशी कीं ती ढांसळत नाहीं आणि पाणीही झिरपूं देत नाहीं. चार मैलांवर जाऊन हाच खड्डा खणा, तो पहिल्या पावसाळ्यांतच बसेल, असें त्या गृहस्थांचें म्हणणें.

उघडल्याबरोबर पेवांत कोणी उतरत नाहीं. "आत वारं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "आधी कंदील सोडायचा. दिवा इझला की समजायचं, अजून आपलं काम न्हाई." बंद पेवांत कोंडलेला प्राणवायु हळूहळू संपतो व त्याच्या जागीं कर्बवायु सांचतो. माणसास तो घातक, आणि किडीसही तितकाच घातक. म्हणून पेवांतल्या हळदीस कीड लागत नाहीं. शाळेंत मीं कर्बवायूचे धर्म कित्येक वर्षें फळ्यावर लिहून दिले. पण विझणाऱ्या कंदिलाकडे पाहून त्याचें भय बाळगणारा माणूस मला प्रथमच भेटला.

पेवाचा दुसरा गुण अंधाराचा. हळदीचा रंग उजेडांत टिकत नाहीं. ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं इतकी बारकाईनें पाहिली होती कीं, संस्कृतांत ज्याचें प्रेम चार दिवसांत विटतें त्याला 'हरिद्राराग' असें विशेषण आहे. हळदीनें रंगविलेलें वस्त्र उन्हांत टाकलें कीं फिकें पडतें. तसाच तो प्रेमी. अमरकोशांत हळदीचीं काञ्चनी, पीता, वरवर्णिनी अशीं नांवें आलीं आहेत, शिवाय रात्रीचीं जेवढीं नांवें तेवढीं हळदीचीं, असाही संकेत आहे. निशा, रजनी हीं नांवें हळदीला कां पडलीं यावर टीकाकारांचीं निरनिराळीं मतें आहेत. हरिपूरचा माणूस त्यांचा वाद मिटवून देईल. रात्रींतच ती टिकते, असें तो सांगेल.

आतां या वयांत हळदीच्या खड्ड्यांत डोकावण्याचें कारण काय, तें सांगितलें पाहिजे. माझ्या मुलीचा धाकटा मुलगा, वय वर्षें चार, गेल्या वर्षीं पोटदुखीनें हैराण झाला. चेहरा पांढुरका पडला, खेळण्यांत लक्ष लागेना, रात्रीं झोपेंतून दचकून उठे. जंताचें औषध झालें, दृष्ट काढून झाली. अखेर एका तरुण बालवैद्यांनीं त्याचें रक्त शिशाच्या तपासणीसाठीं पाठविलें. दर डेसिलिटर रक्तांत १४ मायक्रोग्रॅम शिसें निघालें. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०२१ सालीं मुलांच्या बाबतींत काळजी सुरू करण्याचा आंकडा ३.५ ठरविला आहे. निर्धोक असा आंकडा कोणताच नाहीं. डॉक्टरांनीं घरांतल्या वस्तूंची यादी मागविली. जुना रंग, भांड्यांची कल्हई, देवाला लावावयाचा शेंदूर, काजळ, मसाले. तपासणीला गेलेल्या जिनसांपैकीं दोष निघाला तो मोकळ्या विकत आणलेल्या हळदीच्या पुडींत. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणें एक ग्रॅम हळदींत १० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसें चालतें. त्या डब्यांतल्या हळदींत तें कित्येक पट अधिक होतें. आणि त्या मुलाला, प्रकृति सुधारावी म्हणून, रोज रात्रीं हळदीचें दूध मिळत होतें.

ही बातमी ऐकल्यावर घरांत जें मौन पसरलें तें मी वर्णूं इच्छीत नाहीं. हळद दूषित असूं शकते हें आमच्या घरांतल्या बायकांना पटेना. जखमेवर हळद, खोकल्यावर हळद, नवरानवरीच्या अंगाला हळद. जिच्यावर एवढा भरंवसा, तिच्यांतच विष! उलट आमच्या घरांतील एका सुशिक्षित मंडळींनीं तर असेंही सुचविलें कीं, हळदीनें शिसें उतरतें असें कोठें छापून आलें आहे, तेव्हां चांगल्या हळदीचा डोस दुप्पट करावा. या सूचनेमुळेंच मी वाचनाला बसलों, आणि वाचनानंतर सांगलीस आलों.

सूचना अगदींच निराधार नव्हती. हळदीचा पिवळा भाग, ज्याला कर्क्युमिन म्हणतात, तो व्होगेल आणि पेलेत्ये या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं १८१५ सालीं वेगळा काढला. त्याची घडण कशी आहे हें १९१० सालीं कळलें. त्याच्या रेणूचीं दोन टोकें दोन कड्यांचीं असून मधल्या भागांत प्राणवायूचे दोन अणु अशा बेतानें बसलेले आहेत कीं, धातूचा कण त्यांच्यामध्यें चिमट्यांत धरल्यासारखा धरला जातो. अशा पकडीला रसायनशास्त्रांत जें नांव आहे तें ग्रीक भाषेंतल्या खेंकड्याच्या नांगीवरून आलेलें आहे. कांचेच्या नळींत कर्क्युमिन लोखंड, तांबें, शिसें, कॅडमियम यांना अशी नांगी मारतें. शिसें पाजलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिलें असतां त्यांच्या मेंदूची व यकृताची हानि कमी होते, असेंही प्रयोगांत दिसलें आहे. दाहाच्या बाबतींतही तसेंच. पेशींत दाह चेतविणारी एक कळ आहे. ती कर्क्युमिननें दाबली जाते हें १९९५ सालीं अमेरिकेंतल्या प्रयोगांत दाखविण्यांत आलें, आणि मग जगभर हळदीच्या गोळ्यांचें पेव फुटलें. त्याच वर्षीं जखमा भरण्यासाठीं हळद वापरण्याचा मक्ता एका अमेरिकन विद्यापीठाला तेथील पेटंट-कचेरीनें दिला होता. डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, तिनें त्याला हरकत घेतली. पुराव्यांत संस्कृत ग्रंथांचेही दाखले जोडले, आणि १९९७ सालीं तो मक्ता रद्द झाला. संस्कृताचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हें उदाहरण नेहमी देतों.

परंतु कांचेची नळी म्हणजे मुलाचें पोट नव्हे. शंभर भाग हळदींत कर्क्युमिन साधारण तीन भाग. आपल्या आमटी-भाजींतून एका माणसाच्या पोटांत दिवसाकाठीं फार तर दोन-तीन ग्रॅम हळद जाते. म्हणजे कर्क्युमिन साठ ते नव्वद मिलिग्रॅम. त्यांतलेंही बहुतेक आंतड्यांतूनच निघून जातें. १९९८ सालीं बंगळूरच्या वैद्यांनीं निरोगी माणसांना दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊन पाहिलें, तर रक्तांत त्याचा माग जवळ जवळ लागेना. मिऱ्यांतलें पायपरीन वीस मिलिग्रॅम सोबत दिल्यावर तें प्रमाण सुमारें वीस पट झालें, पण शून्याच्या शेजारच्या संख्येला विसानें गुणून काय मोठें मिळणार? २०१७ सालीं औषधी-रसायनाच्या कांहीं जाणत्यांनीं या विषयावरचें सारें साहित्य तपासून असें मत दिलें कीं, कर्क्युमिन हें अस्थिर व शरीरांत न मुरणारें द्रव्य असून प्रयोगांत तें खोटा कौल देऊन फसवितें. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनीं यकृताला सूज आल्याचीं उदाहरणें २०१९ सालीं इटलींत नोंदलीं गेलीं. तेव्हां हळदीच्या पकडीची गोष्ट खरी, पण तिच्यावर भरंवसून मुलाच्या हाडांतलें शिसें उतरेल असें म्हणण्याला आधार नाहीं.

वनस्पतींपैकीं माणसांवर खरा कसून पाहिलेला एकच प्रयोग मला सांपडला, तो लसणाचा. इराणांत मोटारीच्या बॅटऱ्या करणाऱ्या कारखान्यांतील ११७ कामगारांपैकीं निम्म्यांना लसूण व निम्म्यांना डी-पेनिसिलामीन हें नेहमींचें औषध चार आठवडे दिलें. २०१२ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. दोहोंनींही रक्तांतलें शिसें सारखेंच उतरलें, आणि लसणाचा उपद्रव कमी. आमच्या घरीं चातुर्मासांत लसणाचें नांवही काढीत नाहींत; म्हणून हा निकाल मीं आषाढी एकादशीच्या आधींच वाचून दाखविला. पण तेथेंही गोष्ट प्रौढ कामगारांची होती, मुलांची नव्हे. आणि औषध कोणतेंही असो, शिसें पोटांत येत असतां तें घेणें म्हणजे गळक्या रांजणांत पाणी भरणें.

आमच्या डॉक्टरांनीं तेंच सांगितलें. शिसें येण्याची वाट बंद करा. मुलाला लोह, चुना आणि 'क' जीवनसत्त्व मिळूं द्या. शिसें हें शरीरांत चुन्याचें सोंग घेऊन शिरतें, हाडांत घर करितें, आणि रक्ताचा लाल रंग तयार होऊं देत नाहीं. वैद्यकाच्या ग्रंथांत त्याचें नांव 'नाग' आहे, तें वृथा नाहीं. ज्या मुलाच्या अंगांत लोह व चुना कमी, त्याचें आंतडें शिसें अधिक ओढून घेतें. नाचणी, तीळ, पालेभाजी, आंवळा, दूध यांचा खरा उपयोग हा. या वनस्पती विष काढीत नाहींत. त्या विषाची जागा आधीं अडवितात. धातूला पकडणारीं खरीं औषधें इस्पितळांत आहेत; परंतु मुलांच्या रक्तांतला आंकडा ४५ वर गेल्यावांचून तीं सहसा देत नाहींत. युनिसेफनें २०२० सालीं असा अंदाज प्रसिद्ध केला कीं, आपल्या देशांतल्या २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तांत शिसें ५ मायक्रोग्रॅमच्या वर आहे. आमचा मुलगा त्यांतला एक. नाचणीचें सत्त्व त्याला आवडत नाहीं; तें त्याच्या गळीं उतरविण्याचें काम आजीकडे आहे.

हळदींत शिसें येतें कोठून? तें जमिनींतून फारसें येत नाहीं; माणूस तें घालतो. लेड क्रोमेट नांवाचा एक झगझगीत पिवळा रंग आहे, लोखंडी सामानाला व वाहनांना देण्यासाठीं केलेला. शिसें आणि क्रोमियम, दोन्ही विषारी धातु त्यांत एकत्र आहेत. बांगला देशांत खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तांत शिसें कां वाढलें आहे, याचा शोध अमेरिकेंतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व ढाक्याच्या संशोधकांनीं घेतला; रक्तांतलें शिसें आणि हळदींतलें शिसें एकाच जातीचें ठरलें, हें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. ही चाल १९८० नंतरच्या दशकांत मोठ्या पुरानंतर सुरू झाली, असें तेथील व्यापाऱ्यांनीं सांगितलें. हळद भिजून काळवंडली, गिऱ्हाईक घेईना, म्हणून रंग चढविला. आणि मग गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तो रंगच हळदीचा रंग वाटूं लागला! त्या सरकारनें मात्र कंबर कसली. बाजारांत छापे घातले, दंड केले, गांवोगांव पत्रकें लाविलीं. २०१९ सालीं बाजारांतल्या शंभरांपैकीं ४७ नमुन्यांत शिसें सांपडत होतें, तें २०२१ सालीं एकाही नमुन्यांत सांपडलें नाहीं. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आपल्याकडील पाटण्याच्या हळदींत मात्र एका ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमच्या वर शिसें निघालें. लहान शेजाऱ्यानें दोन वर्षांत जें केलें, तें आपल्याला जमूं नये याचा विषाद वाटतो.

हरिपुराहून परतल्यावर मीं हा सारा वृत्तांत माझ्या विद्यार्थ्याला सांगितला. आम्ही मार्केट यार्डांत उभे होतों. राजापुरी व सेलम हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या चहूंकडे लागलेल्या, आणि वास असा कीं डोळ्यांपेक्षां नाकानेंच बाजार पाहावा. त्यानें मला पॉलिशचें यंत्र दाखविलें. शेतांत काहिलींत शिजविलेलीं व उन्हांत दहा-पंधरा दिवस वाळविलेलीं हळकुंडें खडबडीत व मातकट असतात. लोखंडी जाळीच्या पिंपांत तीं फिरविलीं कीं एकमेकांवर घांसून त्यांचें साल निघतें व पिवळेपण वर येतें. शेवटीं हळदीच्याच पुडीचें पाणी शिंपडून रंग बसविण्याचीही रीत आहे, आणि तिच्यांत दोष कांहीं नाहीं. दोष शिरावयाचा झाला तर नेमका याच पायरीवर शिरतो. हळदीच्या पाण्याऐवजीं दुसरें पाणी शिंपडलें कीं काम झालें.

"गुरुजी, आम्ही ते करत नाही," तो म्हणाला, "पण चमक कोण मागतं ते पण बघा. बिनपॉलिशचा माल समोर ठेवला तर बायका नाक मुरडतात. म्हणतात, ही जुनी दिसते." यावर मला उत्तर सुचलें नाहीं. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, त्याचा त्याला फार अभिमान. आणि तो रास्तही आहे. पण मानांकनाचा शिक्का पोत्यावर असतो. पुडी होऊन चार हातांतून फिरलेल्या हळदीवर तो कोणाला दिसणार?

मीं त्याच्याकडून पांच किलो बिनपॉलिशचीं हळकुंडें घेतलीं. वाचकांपैकीं ज्यांना असें करणें शक्य आहे त्यांनीं पुडीऐवजीं हळकुंडें घ्यावीं, फार झगझगीत असलेलीं टाळावीं, धुऊन कडकडीत वाळवावीं आणि घरीं किंवा डोळ्यांसमोर दळावीं. अख्खें हळकुंड पाण्याच्या पेल्यांत टाकलें असतां लगेच गडद पिवळा रंग सुटूं लागला तर संशय घ्यावा. मात्र शंका पुरती फेडावयाची ती प्रयोगशाळेंतच. देवाच्या शेंदराचा डबा मुलांच्या हाताला लागूं देऊं नये, कारण खरा जुना शेंदूर म्हणजे शिशाचेंच भस्म. हळद व चुना यांपासून केलेलें कुंकूं त्या मानानें निर्धास्त. पण तसें कुंकूं हल्लीं मिळतें किती ठिकाणीं?

त्या दिवशीं पेवाच्या कांठावर बसल्यानें माझ्या धोतरावर पिवळे डाग पडले होते. घरीं आल्यावर सौ.नीं तें साबणांत घातलें तेव्हां डाग तांबडे झाले, क्षाराचा तो गुणच आहे. दोन दिवस उन्हांत राहिल्यावर मात्र त्यांचा मागमूस उरला नाहीं. लेड क्रोमेट असल्या दोन दिवसांच्या उन्हाला दाद देणार नाहीं.

पेवांचें पुढें काय होणार, हें मीं निघतांना त्या वृद्ध गृहस्थांना विचारलें होतें. २००५ च्या महापुरांत कृष्णा-वारणेचें पाणी पेवांत शिरलें. पोतींच्या पोतीं हळद आंतच कुजली आणि कित्येक पेवें ढांसळलीं. त्यांतून सांवरतात तों २०१९ चा पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. व्यापाऱ्यांनीं शीतगृहांची वाट धरली. शीतगृहाला वीज लागते, भाडें लागतें. पण पूर आला तर पावती हातांत असते. नवीं पेवें आतां कोणी खणीत नाहीं, आणि खणण्याची विद्या येणारे हातही फारसे उरले नाहींत. त्यांचा मुलगा शहरांत गाडी चालवितो. उघडलेल्या पेवांतला माल दुपारीं वर काढून झाला, तेव्हां त्यांनीं पुन्हां कंदील आंत सोडून एकदां खालीं नजर टाकली, आणि फरशी ओढून घेतली.

हळकुंडें मीं मुलीकडे पोंचविलीं. तिच्या सासूबाईंनीं मूठभर हातांत घेऊन उजेडाकडे धरलीं आणि म्हणाल्या, "रंगाला कमी वाटतात." तरी त्यांनींच तीं धुऊन वाळत घातलीं. डबा बदलल्यावर आठ महिन्यांनीं मुलाच्या रक्तांतला आंकडा १४ वरून ६ वर आला आहे. हाडांतलें शिसें सावकाश सुटतें, म्हणून डॉक्टरांनीं पुढची तपासणी श्रावणांत ठेविली आहे.